जंपर बोर्डाचा, अर्थ चिपचा: जुन्या पीसींबद्दल वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी निवडलेल्या पत्रांत एक घोटाळा पुन्हा पुन्हा दिसतो. बोर्डावर जंपरशेजारी (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) '२एक्स', '१.५एक्स' असं छापलेलं असतं आणि ते शब्दशः घेतलं जातं. ते आकडे बोर्ड तयार झालं तेव्हाच्या प्रोसेसरांसाठीचे. जंपर फक्त एखादी पिन ग्राउंडला जोडतो किंवा मोकळी सोडतो; त्यातून बोर्डाच्या घड्याळाला कितीने गुणायचं (म्हणजे गुणक) हे चिप ठरवते. खालची बरीच उत्तरं इथूनच निघतात.

प्रश्न: माझ्या ४८६ बोर्डावर (सॉकेट ३, कार्डांसाठी व्हीएल-बस) इंटेलचा डीएक्स२-६६ आहे. एएमडीचा ५एक्स८६-१३३ हाती आला आहे. पुस्तिकेत त्याचं नाव नाही आणि ४एक्सचा जंपरही नाही. तरी चालेल का? तो १६० मेगाहर्ट्झपर्यंत जातो म्हणतात, ते खरं का?

चालेल. मात्र आधी व्होल्टेज, मग बाकीचं. तुमचा डीएक्स२ ५ व्होल्टवर चालतो, ५एक्स८६ला ३.४५ व्होल्ट लागतात. ५ व्होल्टवर चुकून चालू झाला तर तो वाचेल या भरवशावर राहू नका. म्हणून डीएक्स२ काढा, व्होल्टेजचे जंपर ३.३ किंवा ३.४५ वर लावा आणि सॉकेट रिकामं ठेवून वीज द्या. पॉवर सप्लायला थोडा भार हवा, तेव्हा एखादी जुनी हार्ड डिस्क जोडलेली असू द्या. मल्टिमीटरचा काळा प्रोब ड्राइव्हच्या कनेक्टरमधल्या काळ्या तारेवर आणि लाल प्रोब सॉकेटजवळच्या रेग्युलेटरच्या आउटपुटवर टेकवा. ३.३ ते ३.६ च्या दरम्यान आकडा आला तर पुढे जा. ५ च्या आसपास आला तर एखादा जंपर राहून गेला आहे, किंवा त्या बोर्डावर रेग्युलेटरच नाही. दुसऱ्या प्रकारात प्रोसेसर आणि सॉकेट यांच्यामध्ये बसणारा रेग्युलेटरवाला अडॅप्टर लागतो, त्याला पर्याय नाही.

चिप बसवताना सॉकेट ३ मध्ये २३७ भोकं आणि चिपला १६८ पिना असतात, त्यामुळे चारी बाजूंनी एक एक ओळ रिकामी राहिली पाहिजे. एका बाजूला दोन ओळी आणि समोरच्या बाजूला शून्य असं दिसलं तर चिप सरकली आहे. चिपचा छाटलेला कोपरा सॉकेटच्या एक नंबरच्या कोपऱ्यावर येऊ द्या. तरफ पूर्ण उभी असेल तर चिप स्वतःच्या वजनानं खाली बसते. दाबावं लागत असेल तर थांबा, कुठली तरी पिन वाकलेली आहे. पॉवर सप्लायचे पी८ आणि पी९ कनेक्टर काढले असतील तर परत लावताना दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध शेजारी शेजारी याव्यात. ही अदलाबदल झाली की प्रोसेसरचा प्रश्नच उरत नाही, बोर्डच जातं.

आता ४एक्स. डीएक्स४साठी जे बोर्ड बनले त्यांत आर१७ या पिनवरून गुणक ठरतो: मोकळी असेल तर ३, ग्राउंडला असेल तर २. ५एक्स८६ हीच पिन वाचतो, पण ग्राउंडला दिसली की ४ समजतो. म्हणजे बोर्डावर '२एक्स' लावा, आत ३३ × ४ = १३३ होईल. चालू झाल्यावर बायोस (बोर्डावरचा सुरुवातीचा प्रोग्राम) 'डीएक्स४-१००' किंवा आणखी काही भलतंच दाखवेल. त्याला १९९४ च्या पुढचं ठाऊक नसेल तर तो तरी काय करणार! वेग मोजणारा एखादा डॉस प्रोग्राम चालवून खात्री करा.

अंतर्गत कॅश (चिपमधली छोटी वेगवान मेमरी) सुरुवातीला राइट-थ्रूवरच ठेवा, म्हणजे लिहिलेलं लगेच मुख्य मेमरीतही जातं. हा चिप राइट-बॅकही करतो (मुख्य मेमरीत नंतर लिहितो) आणि त्यानं थोडा वेग मिळतो, पण बोर्डाला ते नीट झेपत नसेल तर बिघाड लगेच दिसत नाही. मशीन सुरू होतं, खेळ चालतात, आणि डीएमएनं (प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत) येणारा डेटा हळूच खराब होत राहतो. पकडायची सोपी युक्ती फ्लॉपीची: सव्वा-एक एमबीची झिप फाइल फ्लॉपीवरून हार्ड डिस्कवर घ्या आणि डॉसच्या एफसी आज्ञेला /बी जोडून दोन्ही प्रती ताडून पाहा. तीनदा करा. एकाही बाइटचा फरक आला तर राइट-थ्रूवर परत या.

१६० खरं आहे: ४० × ४. हे बरेच चिप झेपवतात, पण इथे चिपपेक्षा बोर्डाची आणि कार्डांची परीक्षा जास्त असते. बस (प्रोसेसर आणि बोर्ड यांच्यातला रस्ता) ३३ वरून ४० झाली की व्हीएल-बसही ४० वर जाते, कारण ती प्रोसेसरच्याच घड्याळावर नाचते. बोर्डावर '३३ पेक्षा जास्त' असा जंपर असतो, तो लावा. वेट-स्टेटचा (प्रोसेसरनं थांबायच्या फेऱ्यांचा) जंपर १ वर न्या. आयएसएचं (जुन्या, हळू कार्डांच्या बसचं) घड्याळ बायोसमध्ये ४ ऐवजी ५ नं भागा (४० ÷ ५ = ८), नाहीतर साउंड कार्ड १० मेगाहर्ट्झवर पळू लागेल. बाहेरच्या कॅशच्या चिपा १५ नॅनोसेकंदांच्या असतील तर बरं; २० च्या असतील तर टायमिंग (लागोपाठच्या वाचनांना लागणाऱ्या फेऱ्या) २-१-१-१ वरून ३-२-२-२ वर सोडा. सगळ्यात आधी कुरकुरतो तो व्हीएल-बसचा हार्ड डिस्क कंट्रोलर. तो गडबडला तर व्हिडिओ कार्ड व्हीएलवर ठेवा आणि डिस्कसाठी आयएसए कंट्रोलर वापरा. १६० वर नेण्याआधी डिस्कची प्रत काढून ठेवा, हे वेगळं सांगायला नको.

५० × ३ = १५० हाही मार्ग आहे आणि मेमरीचा वेग त्यात सर्वाधिक मिळतो, पण ५० वर व्हीएल-बसचं एक कार्ड जरी मुकाट्यानं चाललं तरी नशीब समजा. व्होल्टेज वाढवायचंच असेल तर ३.६ च्या आत. काही बोर्डांवर ४ व्होल्टचा जंपर असतो, तो दुसऱ्या कंपन्यांच्या चिपांसाठी आहे. त्याच्या वाटेला जाऊ नका. हीटसिंक आणि फॅन १३३ लाही लावा. चिपवर नावाच्या शेवटी एडीझेड असेल तर तो ८५ अंशांपर्यंतचा, एडीडब्ल्यू असेल तर ५५ अंशांचाच. पाठीवरच्या छपाईकडे एकदा बघाच.

प्रश्न: पेंटियम ओव्हरड्राइव्ह ८३ लावलेलं मशीन महिनाभर छान चाललं, आता अचानक ३८६ सारखं रेंगाळतं. काहीही बदललेलं नाही.

फॅन पाहा. या चिपच्या डोक्यावरचा फॅन चिपमधूनच वीज घेतो आणि त्याच्या फिरण्यावर चिपची नजर असते. फॅन थांबला की चिप स्वतःचा गुणक २.५ वरून १ वर आणते, म्हणजे ८३ ची ३३. हा बिघाड नव्हे, संरक्षण आहे. फॅनच्या आसाला चिकटलेली धूळ काढा, स्टिकरखाली हलक्या यंत्रतेलाचा एकच थेंब सोडा. तरीही जड फिरत असेल तर फॅन बदला. हीटसिंकवर वेगळा फॅन बसवून भागणार नाही, कारण चिपला फिरण्याचा संकेत मिळणार नाही आणि ती हळूच चालत राहील.

प्रश्न: इंटेल ४३०टीएक्स चिपसेटच्या सॉकेट ७ बोर्डावर पेंटियम एमएमएक्स २३३ आहे. एएमडीचा के६-२ ४०० लावायचा विचार आहे. बोर्डाचा गुणक ३.५ च्या पुढे जात नाही, बस ६६ ची. ४०० कसे गाठणार? शिवाय विंडोज ९५ त्यावर अडकतं असं वाचलं.

गुणकाची काळजी सोडा. तुमच्या एमएमएक्स २३३ कडे बघा: त्याच्यासाठी जंपर '१.५एक्स' वर असतो आणि चिप त्याचे ३.५ करते. के६-२ च्या नंतरच्या आवृत्तीत हीच चाल '२एक्स' ला लावली आहे, तिथे २ चे ६ होतात. ६६ × ६ = ४००. ४०० चा चिप याच आवृत्तीचा असतो. ३०० किंवा ३५० चा घ्यायचा असेल तर आधी स्टेपिंग (चिपची आवृत्ती) तपासा. जुन्या स्टेपिंगमध्ये '२एक्स' म्हणजे खरोखरच २.

खरा पेच व्होल्टेजचा आहे. एमएमएक्सला गाभ्यासाठी २.८ व्होल्ट लागतात, के६-२ ला २.२. टीएक्स बोर्डांच्या पुस्तिकेत बहुधा २.८, २.९, ३.२ असेच पर्याय दिसतात. पण व्होल्टेज निवडायचे जंपर तीन-चार असतील तर त्यांच्या काही जोड्या पुस्तिकेत छापलेल्याच नसतात आणि त्यांतल्या एखाद्यावर २.२ निघतात. सॉकेट रिकामं ठेवून, वर सांगितल्याप्रमाणे मल्टिमीटरनं एक एक जोडी मोजा आणि कागदावर तक्ता करा. तासाभराचं काम आहे. २.१ ते २.३ मधलं काही सापडलं तर काम झालं. नाही सापडलं तर '२.८ वर चालवून बघू' असं करू नका: तापमानाचा हिशेब व्होल्टेजच्या वर्गानं वाढतो, २.८ आणि २.२ च्या वर्गांचं गुणोत्तर १.६ च्या वर जातं.

आणखी एक गोष्ट, जी प्रोसेसरकडे पाहताना सुटून जाते. बोर्डावरचा रेग्युलेटर लिनिअर असेल (कॉइल नसलेला, उंच पंखांच्या हीटसिंकखाली दडलेला), तर तो ५ व्होल्टचे २.२ करताना मधला फरक उष्णतेत उडवतो. समजा चिप ७ अँपिअर ओढते. (५ − २.२) × ७ म्हणजे जवळजवळ २० वॉट रेग्युलेटरमध्येच जळतात. एमएमएक्सच्या वेळी ६ अँपिअर धरले तर हा आकडा (५ − २.८) × ६, म्हणजे सव्वातेरा वॉट होता. प्रोसेसर थंड आणि रेग्युलेटर भाजणारा, असं चित्र दिसतं. दहा-पंधरा मिनिटांनी मशीन आपोआप रीसेट होत असेल तर बोट आधी तिथे ठेवा (बेतानं, चटका बसतो), आणि एक छोटा फॅन त्याच्यावर वळवा. बोर्डावर तांब्याची गुंडाळी असलेला स्विचिंग रेग्युलेटर असेल तर ही चिंता फारशी नाही.

बायोस हा चिप ओळखणार नाही, '६६ × २ = १३३' असंही म्हणू शकतो. पुढे जात असेल तर जाऊ द्या. थबकत असेल तर त्या बोर्डाचा शेवटचा बायोस शोधा आणि तो एमएमएक्स लावलेला असतानाच भरा. त्यानंतर डॉसमधून राइट अलोकेशन (लिहिताना तो भाग कॅशमध्येही घेणं) चालू करणारा छोटा प्रोग्राम ऑटोएक्झेकमध्ये टाका. बायोसला के६ ठाऊक नसेल तर हे काम तो करत नाही आणि वेगाचा मोठा हिस्सा तिथेच अडून राहतो.

मेमरी ६४ एमबीच्या वर नेऊ नका. टीएक्स चिपसेट तेवढ्याच मेमरीला बाहेरची कॅश देतो, आणि विंडोज ९५ मेमरी वरच्या टोकाकडून वापरायला घेतं, म्हणजे नेमकी कॅश नसलेली. १२८ एमबी घातल्यावर मशीन मंद झालं अशी तक्रार येते ती यामुळेच.

विंडोज ९५ बद्दल वाचलंत ते बरोबर. के६-२ ३५० आणि त्यावरच्या वेगाला सुरू होतानाच 'प्रोटेक्शन एरर' येते, कधी येते कधी नाही. आत वेळ मोजायला एक रिकामं चक्र फिरवलेलं आहे. चिप ते इतक्या लवकर संपवते की भागाकारात शून्य येतं. मायक्रोसॉफ्टनं यासाठी दुरुस्ती दिली होती. ती एमएमएक्स असताना बसवा, मग चिप बदला. विंडोज ९८ ला हा त्रास नाही.

ओव्हरक्लॉकबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मोह होईलच. टीएक्स बोर्डांवर ७५ आणि ८३ च्या बसचे छुपे जंपर असतात. पीसीआय बस तिथे नेहमी निम्मी, म्हणजे ३७.५ किंवा ४१.५. व्हिडिओ कार्ड सहसा कुरबुर करत नाही, आयडीई (डिस्कचा) कंट्रोलर करतो. ८३ वर डिस्कचा यूडीएमए (वेगवान डीएमए) बंद ठेवा, किंवा सरळ ७५ वर थांबा.

प्रश्न: सेलेरॉन ३००ए स्लॉट १ वर आहे, बोर्ड ४४०बीएक्सचं. बायोसमध्ये बसचा वेग निवडायची सोयच नाही, आपोआप ६६ वर जातं. ४५० करता येईल का? ७५, ८३ असं हळूहळू चढावं का?

हळूहळू चढू नका, इथे मधल्या पायऱ्याच जास्त धोक्याच्या. बीएक्सवर बस ६६ असेल तर पीसीआय २ नं भागून ३३ होते. १०० असेल तर ३ नं भागून पुन्हा ३३ च. म्हणजे १०० वर डिस्क, साउंड कार्ड, नेटवर्क कार्ड सगळे आपल्या नेहमीच्या वेगात राहतात. ८३ वर मात्र २ नं भागले तर पीसीआय ४१.५ वर जाते. ६६ वरून थेट १०० वर उडी मारणं हेच सोपं.

बोर्ड बसचा वेग चिपच्या कडेवरच्या बी२१ या संपर्कावरून ओळखतं. सेलेरॉन तो ग्राउंडला बांधून '६६' सांगतो. तो झाकला की बोर्डाला '१००' दिसतं. झाकायला पातळ पारदर्शक टेपची अगदी अरुंद पट्टी घ्या, संपर्काच्या टोकापासून दोन मिलिमीटर वरपर्यंत चिकटवा आणि कडा नखानं दाबा. टेपची खोड अशी की स्लॉटमध्ये घालताना ती वर सरकते. दोनदा काढघाल केली की बदलावी. नेलपॉलिशचे दोन थर हा दुसरा उपाय, अर्धा तास वाळू द्या. नको असेल तेव्हा निघतं. मोजणी बी बाजूच्या एक नंबरपासून करा, दोनदा मोजा, भिंगाखाली बघा. शेजारचा संपर्क झाकला गेला तर मशीन मुकं राहतं. टेप काढून पुन्हा प्रयत्न करा.

मेमरी पीसी१०० ची हवी, पीसी६६ च्या डिमवर (मेमरीच्या पट्टीवर) हा प्रयोग करून चिपला दोष देऊ नका. गुणक ४.५ चा आणि तो कुलूपबंद, त्यामुळे वेग बसवरूनच. ४५० वर सुरू होऊन विंडोजमध्ये निळा पडदा येत असेल तर एक चाचणी करा: बायोसमध्ये एल२ (दुसऱ्या पातळीची) कॅश बंद करून पाहा. त्यानं स्थिर झालं तर या चिपमधली १२८ केबीची कॅश त्या वेगाला पुरी पडत नाही (ती गाभ्याच्याच वेगानं धावते). बोर्डात सोय असेल तर २.० वरून २.०५, मग २.१ व्होल्ट. त्याच्या पुढे गेल्यावर मिळतं ते मुख्यतः तापमान. फॅनची तार आणि हीटसिंकचा दाब आधी पाहा. खालची पेस्ट वीस-पंचवीस वर्षांत सुकून खडूसारखी होते, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलनं काढून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावा. एवढ्यानंच कित्येक 'न चढणारे' चिप चढतात.

प्राइम९५ (प्रोसेसरवर सतत ताण देणारा प्रोग्राम) ची टॉर्चर चाचणी चोवीस तास निभावली तर चिप ४५० चा आहे असं म्हणा. एखादा खेळ तासभर चालला म्हणून म्हणू नका.

प्रश्न: ३८६डीएक्स-३३ च्या बोर्डावर एएमडीचा डीएक्स-४० बसवला, पण वेग ३३ च दाखवतो.

३८६ ला गुणक नसतो, उलट तो बाहेरच्या घड्याळाला २ नं भागतो. बोर्डावर धातूची चौकोनी डबी असेल, तिच्यावर ६६.६६७ छापलेलं दिसेल. तिच्या जागी ८० मेगाहर्ट्झची लागेल. डबी सॉकेटमध्ये असेल तर काम मिनिटाचं: टोकदार कोपरा पिन १ चा, बाकीचे तीन गोल. डाग दिलेली असेल तर काढून तिथे १४ पिनांचं आयसी सॉकेट लावा, पुढचे प्रयोग सोपे होतात. त्या डबीच्या पिना १, ७, ८ आणि १४ याच जागी येतात. ७ ग्राउंड, ८ आउटपुट, १४ ला ५ व्होल्ट.

बायोसमध्ये मेमरीची वेट-स्टेट एकानं वाढवून सुरुवात करा. ८० नॅनोसेकंदांच्या सिमवर (मेमरीच्या पट्ट्यांवर) ४० झेपत नसेल तर ७० किंवा ६० च्या घ्या. आणि काम सुरू करण्याआधी बोर्डावरची निळी पिंपासारखी बॅटरी कापून टाका. तिच्यातला अल्कलीचा द्राव वर्षानुवर्षं पाझरून कीबोर्डच्या सॉकेटजवळचे मार्ग खातो, आणि तुम्ही मात्र ओव्हरक्लॉकला दोष देत बसता. हिरवट डाग दिसले तर कापसाच्या काडीनं व्हिनेगर लावा, मग पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि एक दिवस सुकवा.

प्रश्न: नव्या मशीनवर जुने डॉस प्रोग्राम 'रनटाइम एरर २००' देऊन बंद पडतात. चिप खराब आहे का?

नाही, चिप जास्तच चांगली आहे. टर्बो पास्कल या भाषेच्या सीआरटी (पडदा-कीबोर्ड हाताळणाऱ्या) युनिटमध्ये सुरुवातीला वेग मोजणारं चक्र आहे. वेगवान प्रोसेसरवर त्याचा भागाकार १६ बिटांत मावत नाही. प्रोग्रामच्या ईएक्सई फाइलला दुरुस्त करणारे छोटे पॅचर मिळतात, तो उत्तम उपाय. तात्पुरतं भागवायचं तर बायोसमध्ये अंतर्गत कॅश बंद करा, मशीन एकदम मंदावतं.

प्रश्न: मूळ आयबीएम पीसीचं ४.७७ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल बदलून वेग वाढवता येईल?

येईल, पण करू नका. १४.३१८ च्या त्या एकाच क्रिस्टलवर तिघे जगतात: ३ नं भागून प्रोसेसर, ४ नं भागून सीजीए या व्हिडिओ कार्डाचा रंग (३.५८), १२ नं भागून टायमर (१.१९३). क्रिस्टल बदललं की घड्याळ पुढे पळतं आणि संयुक्त व्हिडिओवरचे रंग जातात. त्याऐवजी ८०८८ च्या जागी एनईसीचा व्ही२० बसवा. ४० पिना तशाच, व्होल्टेज तेच, घड्याळही तेच. गुणाकार आणि पत्त्यांचा हिशेब तो कमी फेऱ्यांत करतो. ८०८८ काढताना सपाट स्क्रूड्रायव्हर दोन्ही टोकांखाली आळीपाळीनं, दर वेळी मिलिमीटरभर. नव्या चिपच्या पिना जराशा फाकलेल्या येतात, टेबलावर आडव्या टेकवून दोन्ही ओळी आत वळवा. खाच जुन्या चिपची होती त्याच दिशेला.